महास्फोटाला ‘नाही’ म्हणणारी माणसं

‘बिग बँग’ हे नाव त्या सिद्धान्ताच्या सर्वांत कडव्या विरोधकाने ठेवलेलं आहे. २८ मार्च १९४९ च्या संध्याकाळी फ्रेड हॉईल बीबीसीच्या थर्ड प्रोग्रामवर बोलत होते. रेडिओवर फळा नसतो, समीकरणं लिहून दाखवता येत नाहीत. श्रोत्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहावं म्हणून त्यांनी हा शब्द वापरला. दूरच्या भूतकाळात एका धमाक्यासरशी सगळं विश्व जन्मलं, ही कल्पना त्यांना अजिबात पटत नव्हती. टिंगल करायला त्यांनी हे नाव दिलं असं ठिकठिकाणी छापून येतं, पण हॉईलनी ते कधी मान्य केलं नाही. १९९३ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकी मासिकाने सिद्धान्ताला आणखी शोभेसं नाव सुचवा म्हणून स्पर्धा घेतली. ४१ देशांतून १३,०९९ प्रवेशिका आल्या. परीक्षकांत कार्ल सेगनही होते. सगळ्या प्रवेशिका चाळून झाल्यावर निकाल लागला तो असा: एकही नाव हॉईलच्या नावाच्या तोडीचं नाही!

आजचं मुख्य प्रवाहाचं मत स्पष्ट आहे. विश्व सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट अवस्थेत होतं, तेव्हापासून ते प्रसरण पावतंय, थंड होतंय. त्याला पुरावे भक्कम आहेत. पण हे पुरावे भक्कम का झाले? कारण समोर तितकेच तयारीचे विरोधक उभे होते. त्यांच्या गोष्टी आपल्याकडे फारशा सांगितल्या जात नाहीत, आणि हे मला खटकतं. कारण त्या विरोधकांच्या यादीत कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसाचं नाव अगदी वरच्या ओळीत आहे.

भुताटकीचा सिनेमा, तीन मित्र

हर्मन बॉन्डी आणि थॉमस गोल्ड हे दोघे व्हिएन्नाचे ज्यू. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ते इंग्लंडमध्ये शिकत होते. जन्म ऑस्ट्रियाचा, म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केलं आणि बोटीने थेट कॅनडातल्या छावणीत धाडलं. दोघांची दोस्ती जमली ती या कैदेत. पुढे त्याच सरकारने त्यांना नौदलाच्या गुप्त रडार संशोधनावर घेतलं. तिथे त्यांची गाठ पडली हॉईलशी. दिवसभर रडार आणि रात्री विश्वाच्या गप्पा, असा तिघांचा क्रम सुरू झाला.

युद्धानंतर तिघांनी ‘डेड ऑफ नाइट’ नावाचा भुताटकीचा इंग्रजी चित्रपट पाहिला. त्याचा शेवट पुन्हा सुरुवातीच्याच प्रसंगावर येऊन पोचतो. कुठूनही पाहायला बसा, फरक पडत नाही. त्यावरून गोल्डनी प्रश्न टाकला: विश्वही असंच असेल तर? सतत बदलणारं, तरीही कुठल्याही काळी पाहिलं तर तसंच दिसणारं?

१९४८ मध्ये यातून ‘स्थिर स्थिती’ सिद्धान्त मांडला गेला. बॉन्डी आणि गोल्ड यांचा एक शोधनिबंध, हॉईलचा वेगळा. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात हे तिघांनाही मान्य होतं. मग जागा रिकामी होत कशी नाही? त्यांचं उत्तर: मधल्या पोकळीत नवं द्रव्य जन्मतं. किती? एका घनमीटर जागेत साधारण अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. एवढी मंद निर्मिती कुठल्याही प्रयोगशाळेला पकडता आली नसती. ‘शून्यातून द्रव्य कसं येईल?’ असं विचारणाऱ्यांना हॉईल उलट विचारत, की तुम्हाला एका क्षणात सगळंच आलेलं चालतं, मग थोडं थोडं आलेलं का चालत नाही?

हा सिद्धान्त कुणाला लहरीपणा वाटेल, पण त्यामागे एक रोकडी अडचण होती. एडविन हबलच्या तेव्हाच्या मोजमापावरून विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांहूनही कमी निघत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने सापडत होते. लेकीचं वय आईपेक्षा जास्त निघावं, असा तो हिशेब. अनादि विश्वात ही अडचणच उरत नव्हती. १९५२ मध्ये वॉल्टर बाडेनी अंतरं मोजण्याच्या पद्धतीतली चूक दाखवली, विश्व एकदम दुप्पट मोठं आणि दुप्पट जुनं झालं, आणि महास्फोटवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

आइनस्टाइनची बाजूला राहिलेली पानं

हॉईलच्या १७ वर्षं आधी स्थिर स्थितीचं विश्व आणखी एका माणसाने करून पाहिलं होतं, अल्बर्ट आइनस्टाइननी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या त्यांच्या कागदपत्रांत १९३१ सालचं एक छोटं जर्मन हस्तलिखित होतं. ते दुसऱ्याच एका निबंधाचा कच्चा खर्डा समजून वर्षानुवर्षं फायलीत पडून राहिलं. २०१३ च्या सुमारास आयर्लंडच्या कॉर्मक ओ’राफर्टी यांनी ते नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला: विश्व फुगतंय, पण नवं द्रव्य तयार होत असल्यामुळे घनता कायम राहते, असं त्यात मांडलेलं! आकडेमोडीतली एक चूक लक्षात आल्यावर आइनस्टाइननी ती वाटच सोडून दिली. हे हस्तलिखित त्यांनी छापलं नाही, म्हणून हॉईलनाही त्याचा पत्ता लागला नाही.

धर्मगुरूने पोपना आवरलं

दुसऱ्या बाजूला होते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र, कॅथलिक धर्मगुरू आणि पक्के गणिती. फुगणारं विश्व त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. त्याच वर्षी ब्रसेल्सच्या परिषदेत आइनस्टाइननी त्यांना ऐकवलं, की गणित बरोबर आहे, भौतिकशास्त्र मात्र भयंकर. १९३१ मध्ये लमेत्रनी पुढचं पाऊल टाकलं आणि सगळं एका ‘आदिम अणू’तून निघालं असं म्हटलं.

धर्मगुरूच विश्वाचा आरंभ सांगतोय म्हटल्यावर अनेक शास्त्रज्ञांना त्यात बायबलचा वास आला. त्यात १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या संशोधनाला सृष्टीच्या ईश्वरी निर्मितीचा दाखला म्हणून गौरवलं. त्यामुळे सर्वांत जास्त अस्वस्थ झाले ते स्वतः लमेत्र! आपला सिद्धान्त खरा की खोटा हे दुर्बिणीने ठरवायचं, देवळात नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी आपली नाराजी योग्य जागी पोचवली आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. मला लमेत्रबद्दल फार आदर वाटतो तो या एका गोष्टीसाठी.

हाडातलं कॅल्शियम आणि हॉईलचा हट्ट

आता या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग.

महास्फोटाच्या बाजूचे जॉर्ज गॅमॉ म्हणत होते, की लोखंड, सोनं, कार्बन, सगळी मूलद्रव्यं सुरुवातीच्या काही मिनिटांच्या भट्टीत शिजली. हॉईलच्या विश्वात सुरुवातच नाही, मग भट्टी कुठली? त्यांना मूलद्रव्यं शिजवायला दुसरी जागा शोधणं भाग होतं. ती जागा म्हणजे ताऱ्यांचं पोट.

अडचण कार्बनपाशी होती. हेलियमची तीन अणुकेंद्रं एकत्र आली की कार्बन होतो. पण हॉईलनी हिशेब केला तेव्हा असा कार्बन तयार होण्याआधीच्या टप्प्यावर गाडी अडत होती, आणि जो थोडा होई तो लगेच ऑक्सिजनमध्ये खर्ची पडे. जगात कार्बन तर भरपूर आहे; आपण सगळे कार्बनचेच. म्हणून १९५३ मध्ये हॉईल कॅलिफोर्नियात कॅलटेकच्या प्रयोगशाळेत गेले आणि विल्यम फाउलर यांना म्हणाले, की कार्बनच्या अणुकेंद्रात साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, शोधा. अणुकेंद्राचे प्रयोग करणाऱ्यांना एका खगोलशास्त्रज्ञाने येऊन आकडा सांगावा, हे आधी कुणाला रुचलं नाही. तरी वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने प्रयोग लावला. पातळी सापडली, जवळजवळ नेमकी त्याच जागी.

१९५७ मध्ये मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल या चौघांचा शंभराहून अधिक पानांचा निबंध आला. ताऱ्यांमध्ये कोणतं मूलद्रव्य कसं घडतं याची ती संपूर्ण पाककृतीच होती. आपल्या हाडातलं कॅल्शियम आणि रक्तातलं लोह ताऱ्यांत घडलं हे आज शाळेतली मुलंही सांगतात. ते ज्ञान या निबंधाच्या वाटेने आलं. महास्फोट नाकारणाऱ्याला पर्याय शोधावा लागला, म्हणून!

आणि त्याहून आश्चर्य पुढे आहे. विश्वाच्या एकूण साध्या द्रव्यात वजनाने जवळपास पाव वाटा हेलियमचा. एवढा हेलियम ताऱ्यांना बनवता येत नाही, हे १९६४ मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधात हिशेबानिशी दाखवलं रॉजर टेलर आणि... फ्रेड हॉईल यांनीच. त्या आकडेमोडीचा कल सरळ तप्त सुरुवातीकडे होता. आपल्या विरोधात जाणारं गणितही या माणसाने स्वतःच्या सहीने छापलं. तीन वर्षांनी हॉईल, फाउलर आणि रॉबर्ट वॅगनर यांनी हलक्या मूलद्रव्यांचा तपशीलवार हिशेब मांडला. महास्फोटाच्या बाजूचा तो आजही एक आधारस्तंभ आहे.

१९८३ चं नोबेल मूलद्रव्यांच्या या कामासाठी फाउलरना मिळालं. हॉईलना नाही. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो.

बावीस वर्षांचा नारळीकर, बावीस वर्षांचा हॉकिंग

केंब्रिजमध्ये हॉईलचे खरे वैरी होते रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल. त्यांचा युक्तिवाद समजायला सोपा आहे. दूर पाहणं म्हणजे भूतकाळात पाहणं. विश्व कायम सारखंच असेल तर जवळच्या आणि लांबच्या रेडिओ स्रोतांची संख्या ठरावीक प्रमाणात वाढली पाहिजे: अंतर दुप्पट केलं की आकारमान आठपट, म्हणजे स्रोतांचं तेज पाव झालं की संख्या आठपट. राईलना अंधूक स्रोत याहून जास्त सापडत होते. म्हणजे पूर्वी विश्वात गर्दी जास्त होती. १९५५ ची त्यांची यादी सदोष निघाली होती, तिच्यातले पुष्कळ स्रोत खरे नव्हतेच. नवी मोजणी मात्र जास्त पक्की होती.

फेब्रुवारी १९६१. एका इलेक्ट्रॉनिक कंपनीने लंडनमध्ये पत्रकार परिषद बोलावली आणि हॉईल पती-पत्नींना आवर्जून पुढे बसवलं. पडदा वर गेला, राईल उभे. त्यांनी आकडे मांडले आणि स्थिर स्थिती संपली असं सुचवून झाल्यावर पत्रकारांसमोर हॉईलना विचारण्यात आलं, तुमचं काय म्हणणं? संध्याकाळच्या पेपरांत मथळे झळकले. हॉईलच्या मुलांना शाळेत चिडवलं गेलं.

उत्तर द्यायचं काम हॉईलनी आपल्या नव्या विद्यार्थ्यावर सोपवलं. तोच तो कोल्हापुरात जन्मलेला माणूस: जयंत विष्णू नारळीकर, वय २२. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे रँग्लर आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख; मुलगाही केंब्रिजचा रँग्लर. गुरु-शिष्यांनी संगणकावर प्रतिरूप बांधलं: दीर्घिका सारख्या पसरलेल्या नसून त्यांचे अवाढव्य समूह आणि मध्ये मोठ्या पोकळ्या असतील, आणि आपल्या आसपास रेडिओ स्रोत विरळ असतील, तर राईलचे आकडे स्थिर स्थितीतही मिळू शकतात. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत राईलसारख्या दिग्गजासमोर हे मांडायला उभा राहिला हा विद्यार्थी. एवढे मोठे महासमूह असतात यावर तेव्हा बहुतेकांचा विश्वास नव्हता. ते खरोखरच असतात, हे नंतर सर्वमान्य झालं. वाद नारळीकरांच्या बाजूने सुटला नाही, पण त्यांच्या उत्तरातलं विश्वाचं चित्र खरं ठरलं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका उन्हाळी वर्गात नारळीकर शिकवायला होते आणि ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी प्रश्न विचारून भंडावत होता. दोघांची टेबल टेनिसची गाठ पडली, नारळीकर जिंकले. तो विद्यार्थी म्हणजे स्टीफन हॉकिंग. हॉकिंगना पुढे केंब्रिजमध्ये हॉईलच मार्गदर्शक हवे होते, मिळाले डेनिस शामा.

जून १९६४. रॉयल सोसायटीत हॉईल आपला आणि नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडत होते. भारतात तर त्या सिद्धान्ताने वर्तमानपत्रं गाजवली. पुढच्याच वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळालं तेव्हा त्यांचं वय २६. त्या सभेत काठी टेकत एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, की तुम्ही जी राशी सांगताय ती अनंत होते. कशावरून, असं विचारल्यावर उत्तर आलं: मी ती सोडवून पाहिलीय. हॉकिंगही तेव्हा २२ वर्षांचेच. नारळीकरांची खोली जवळच होती, तिथे त्यांनी कच्चा मसुदा आधी पाहिलेला होता. हॉईल चिडले, पण आक्षेप बरोबर होता. हॉकिंगच्या पीएच.डी. प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच हॉईल-नारळीकर सिद्धान्तावर आहे. २०१७ मध्ये केंब्रिजने तो प्रबंध सर्वांसाठी खुला केला, तेव्हा वाचकांच्या झुंबडीने संकेतस्थळच बंद पडलं.

कबुतरांची विष्ठा आणि बाजू बदललेले लोक

१९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर ऐकू येई. दिशा कोणतीही असो, दिवस असो की रात्र, खरखर तीच. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. कबुतरं हाकलली, विष्ठा साफ केली, खरखर कायम. ते होतं विश्वाच्या तप्त बालपणाचं उरलेलं प्रारण, आता निरपेक्ष शून्याहून फक्त २.७ अंश वर. इथपर्यंतची कथा बहुतेकांना माहीत असते. कमी माहीत असलेली बाब अशी, की विल्सन यांनी विश्वशास्त्राचे धडे हॉईलकडून घेतले होते आणि त्यांना स्वतःला स्थिर स्थितीच आवडायची! शामा हेही त्याच बाजूचे. पुरावा समोर आल्यावर शामांनी जाहीरपणे पक्ष सोडला. लमेत्रना हा शोध कळला तेव्हा ते मृत्यूच्या उंबरठ्यावर होते. जून १९६६ मध्ये ते गेले.

थकलेला प्रकाश

खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांची १९२९ ची कल्पना एका वाक्यात सांगता येते: विश्व फुगतच नाही, अब्जावधी वर्षं चालून प्रकाशाचीच ऊर्जा झिजते, म्हणून तो तांबड्याकडे सरकतो (या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात). फार मोहक! तपासणी मात्र निर्दय निघाली. एका विशिष्ट प्रकारच्या ताऱ्यांचे स्फोट ठरावीक दिवसांत चढतात-उतरतात. जागा ताणली जात असेल, तर प्रकाशाबरोबर हा काळही ताणलेला दिसला पाहिजे. प्रकाशलहरींची लांबी दुप्पट झाली असेल तिथे २० दिवसांचा खेळ ४० दिवस चालेल. प्रकाश नुसताच थकत असेल तर २० चे २०. दूरचे स्फोट ताणलेलेच दिसतात. २०२४ मध्ये अशा सुमारे १५०० स्फोटांच्या नोंदींनी तेच पुन्हा दाखवलं.

तलवारबाज आर्प

हॉल्टन आर्प हे खगोलशास्त्रज्ञ तलवारबाजीत जागतिक दर्जाचे खेळाडू होते. १९६६ मध्ये त्यांनी ३३८ चमत्कारिक दीर्घिकांचा सचित्र संग्रह काढला. मोडक्या, शेपट्या फुटलेल्या, एकमेकींत अडकलेल्या. ती छायाचित्रं पाहता पाहता त्यांना वाटू लागलं, की ताम्रसृतीवरून अंतर काढायची पद्धतच फसवी आहे. एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि तिच्या कडेला दिसणारा मार्केरियन २०५ हा क्वेसार यांच्यात प्रकाशाचा पूल आहे, असं ते म्हणाले. ताम्रसृतीनुसार दीर्घिका सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षांवर, क्वेसार १ अब्जावर. दोघं खरंच जोडलेले असतील तर ताम्रसृती आणि अंतर यांची सांगड घालणारा हबलचा नियमच कोसळला! हबल दुर्बिणीने क्वेसारचा प्रकाश उलगडला, तेव्हा त्यात त्या दीर्घिकेतल्या वायूने शोषलेल्या रेषा सापडल्या. क्वेसार मागेच होता, पुष्कळ मागे.

पण हे उत्तर मिळण्याआधी, १९८० च्या दशकात आर्पना कॅलिफोर्नियातल्या मोठ्या दुर्बिणींवर वेळ देणं बंद झालं. ते जर्मनीत निघून गेले. हे मला अन्यायाचं वाटतं. चुकीचा दावा दुर्बिणीने खोडावा, दुर्बीण काढून घेऊन नव्हे. त्यांचा संग्रह मात्र दीर्घिकांच्या टकरींचा अभ्यास करणारे आजही उघडतात.

असेच आणखी एक विरोधक, स्वीडनचे हानेस आल्फवेन, यांना १९७० चं नोबेल मिळालं ते विद्युतभारित वायूंच्या भौतिकशास्त्रासाठी. त्यांचं म्हणणं, विश्व घडवणारं खरं बळ प्लाझ्माचं. महास्फोटाला पर्याय म्हणून ही मांडणी टिकली नाही. सूर्यावरच्या आल्फवेन लहरी मात्र पाठ्यपुस्तकात पक्क्या आहेत.

तेहतीस विरुद्ध, तेहतीस बाजूने

मे २००४ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये ३३ शास्त्रज्ञांचं खुलं पत्र आलं: महास्फोटात न दिसलेल्या गोष्टींची ठिगळं वाढत चाललीत, आणि पर्याय शोधणाऱ्यांना पैसा मिळत नाही. सह्या करणाऱ्यांत बॉन्डी, गोल्ड, आर्प आणि नारळीकर होते. २०१७ मध्ये दुसरं पत्र, पुन्हा ३३ सह्यांचं, पण उलट बाजूचं. अगदी सुरुवातीच्या क्षणी विश्व प्रचंड वेगाने फुगलं या ‘इन्फ्लेशन’ कल्पनेवर पॉल स्टाइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी टीका केली होती; ॲलन गूथ, हॉकिंग वगैरेंनी तिला उत्तर दिलं. स्टाइनहार्ट हे १९८० च्या दशकात त्याच कल्पनेच्या जन्मदात्यांपैकी एक. आता ते आकुंचन-प्रसरणाची आवर्तनं मानतात. रॉजर पेनरोजही आधीच्या युगाच्या खुणा आकाशात शोधतात, आणि २०२० मध्ये नोबेल मिळालं म्हणून त्यांनी तो नाद सोडलेला नाही.

पुण्याचा पर्याय

१९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी ‘स्थिरवत स्थिती’ मांडली. विश्व दीर्घकाळ हळूहळू वाढतं, पण त्या वाढीवर सुमारे ५० अब्ज वर्षांची आंदोलनं असतात. एक मोठा स्फोट नाही, छोटे छोटे निर्मितीचे स्फोट अनेक. पार्श्वभूमीचं प्रारण? ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला. या प्रारणातल्या बारीक चढउतारांची जी मोजमापं उपग्रहांनी नंतर केली, ती महास्फोटाशी फार चांगली जुळतात, आणि म्हणून बहुसंख्य शास्त्रज्ञांनी पुण्याचा पर्याय स्वीकारला नाही. पण एक नोंद करायलाच हवी. विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चाललंय हे १९९८ मध्ये कळलं तेव्हा जग चकित झालं. १९४८ च्या स्थिर स्थितीचं भाकीत तेच होतं.

नारळीकरांनी १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारली, तिचे पहिले संचालक झाले. त्या संस्थेत थानू पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप यांनी महास्फोटाच्या चौकटीतलं नामांकित काम केलं. संचालक विरोधी मताचे असूनही. माझ्या लेखी हे त्यांच्या कुठल्याही समीकरणाइतकंच मोठं काम आहे.

जीवसृष्टीच्या उगमाबद्दलही त्यांनी हीच वृत्ती ठेवली. सूक्ष्मजीव अवकाशातून येतात का, हे पाहायला इस्रोच्या मदतीने हैदराबादहून फुगे सोडले, ४१ किलोमीटर उंचीपर्यंत. निर्जंतुक नळकांड्यांत आणलेल्या हवेची तपासणी हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केली. २००९ मध्ये तीन नव्या जीवाणूंची घोषणा झाली. एकाचं नाव ‘जॅनिबॅक्टर हॉईलाय’, गुरूच्या स्मरणार्थ. ते पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध झालं नाही, आणि तसा दावाही चमूने केला नाही.

गुरूप्रमाणे शिष्यानेही विज्ञानकथा लिहिल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आद्याक्षरं उलटी वाचा, ज. वि. ना. होतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली. पहिलं बक्षीस! २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले.

आजचा वाद, उद्याची वाट हिंगोलीतून

जुलै २०२२ मध्ये वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रं आली आणि अपेक्षेपेक्षा लवकर तयार झालेल्या, तेजस्वी दीर्घिका दिसू लागल्या. २०२४ मध्ये तर आरंभानंतर जेमतेम २९ कोटी वर्षांची दीर्घिका सापडली. ‘महास्फोट झालाच नाही’ अशी आरोळी लगेच उठली. ‘द बिग बँग नेव्हर हॅपन्ड’ हे पुस्तक १९९१ मध्ये लिहिणारे एरिक लर्नर पुन्हा बातम्यांत आले. कॅनडात ओटावा विद्यापीठाचे राजेंद्र गुप्ता यांनी २०२३ मध्ये थकलेल्या प्रकाशाची जुनी कल्पना नव्या रूपात घेऊन विश्वाचं वय २६.७ अब्ज वर्षं काढलं. बहुतेक तज्ज्ञांना या दीर्घिकांमुळे फक्त एवढंच दिसतं, की तारे आपल्या समजुतीपेक्षा लवकर आणि भराभर जन्मले.

मला जास्त गंभीर वाटतो तो दुसरा घोळ. प्रसरणाचा वेग आदिम प्रारणावरून काढला तर आकडा ६७ च्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून आणि स्फोटांवरून मोजला तर ७३. दोन्ही मोजणाऱ्यांचा आपापल्या आकड्यावर विश्वास आहे, आणि फरक मोजमापाच्या चुकीत बसत नाही. याच आकड्याच्या गोंधळातून १९४८ चं बंड निघालं होतं.

तिसरी, स्वतंत्र वाट गुरुत्वलहरींची. दोन न्यूट्रॉन तारे आदळतात तेव्हा येणाऱ्या लहरीवरूनच अंतर थेट कळतं, मधली शिडी लागत नाही. १७ ऑगस्ट २०१७ च्या अशा टकरीने आकडा दिला सुमारे ७०, म्हणजे अगदी मधोमध, पण एका घटनेवरून निकाल लागत नाही; अशा अनेक टकरी हव्यात आणि त्या आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे कळायला पृथ्वीवर दूर दूर पसरलेले शोधक हवेत. अमेरिका, इटली, जपान इथे ते आहेत. पुढचा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहतोय, चार चार किलोमीटरच्या दोन भुजांचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रकल्पाच्या भागीदार संस्थांत आयुका आहे.